न थांबता

माझ्या मुलीला, केर्तूला, वाचलेलं काही कळत नाही, हे मला नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी समजलं. शाळेत पालकांना वर्षातून एकदा पाव तास देतात, त्या पाव तासात. मी कामावरून तसाच गेलो होतो. हातांना ग्रीसचा वास येत होता आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी आले होते. समोर मार्युतबाई, केर्तूच्या दुसरीच्या वर्गशिक्षिका. केर्तू माझ्या शेजारी बसून टेबलाच्या कडेवर कोणी तरी कोरलेलं नाव वाचत होती. मार्युतबाईंनी तिला बाहेर जाऊन जाकीट घालायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. गेल्या दीड वर्षात माझ्यासमोर ज्यांनी ज्यांनी दार लावून घेतलं होतं त्यांच्यापैकी कोणीही चांगली बातमी दिली नव्हती.

"आधी चांगलं सांगते," मार्युतबाई म्हणाल्या. "मिनिटभरात किती शब्द मोठ्याने वाचता येतात ते आम्ही घड्याळ लावून बघतो. केर्तू वर्गात पहिली. तिसरीच्या मुलांनाही मागे टाकेल. अडखळत नाही, चुकत नाही."

"आईवर गेलीय," मी म्हणालो.

"हो. आता दुसरं. वाचून झाल्यावर मी तिला विचारलं, गोष्टीत काय झालं? ती म्हणाली, माहीत नाही. एका म्हातारीची होडी दोर सुटून तळ्यात वाहत जाते, अशी साधी गोष्ट आहे. मी म्हटलं, होडी कुणाची होती? माहीत नाही. बरं, होडी होती का? तर म्हणाली, असेल. मला वाटलं थकली असेल. पण मग मी रोज विचारायला लागले. तापानी, तुम्हाला सांगते, रोज तेच. ती वाचते आणि तिच्यात काही उरत नाही."

मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्या म्हणत होत्या की असं क्वचित होतं. बहुतेक मुलांचं वाचणं सुटसुटीत झालं की समजणंही त्याच्या मागोमाग येतं, कारण अक्षरांशी झगडायचं थांबलं की डोकं मोकळं होतं आणि अर्थाकडे जातं. "केर्तूचं डोकं मोकळं झालंय," त्या म्हणाल्या, "पण ते कुठे जातं ते मला समजत नाहीये. आपल्या भाषेत काय होतं, अक्षरं आली की काहीही वाचता येतं. कायद्याचं पुस्तक दिलं तरी सात वर्षांचं पोर घडाघडा वाचेल. म्हणून आपण फसतो. आवाज ऐकतो आणि समजतो की झालं." मग त्या थांबल्या. "तुम्ही एकदम पांढरे पडलात. पाणी देऊ का?"

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एखाद्या इमारतीत तिची वर्षाची तपासणी असली की मी आधी नुसता आत उभा राहतो, सगळे मजले वर जातो, सगळे खाली येतो आणि ऐकतो. आवाज एकसारखा असला की निम्मं काम झालं. वीस वर्षं मी कानावर पोट भरलंय. घरीही मी तसाच ऐकत असे. जेवणं झाली की सिर्पा, माझी बायको, केर्तूला गोष्ट वाचून दाखवायची आणि मी भांडी विसळत स्वयंपाकघरातून ऐकायचो. सिर्पा दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि घाबरलेल्या माणसांशी बोलून बोलून तिचा आवाज मऊ झाला होता. गोष्ट काय आहे याकडे माझं लक्ष नसे. तो आवाज एकसारखा चालू असला की घर ठीक आहे असं वाटायचं. एकदा केर्तूने मध्येच विचारलं, "आई, पण कोल्हा त्या घरात गेलाच कशाला?" सिर्पाने पानाकडे पाहिलं. मग केर्तूकडे पाहिलं. म्हणाली, "कोणता कोल्हा?" आम्ही तिघंही हसलो. केर्तू तर उशीवर लोळून हसली. तीन पानं तो कोल्हाच होता, दुसरं कोणी नव्हतंच. पुढे काही दिवस तो आमच्या घरातला विनोदच झाला. मी म्हणायचो, दूध संपलं, की सिर्पा म्हणायची, कोणतं दूध? आणि आम्ही हसायचो. आमच्यापैकी दोघं विनोद करत होते. तिसरी खरोखर विचारत होती.

सिर्पाच्या डोक्यात गाठ होती, डाव्या बाजूला, कानाच्या वर. डॉक्टर म्हणाले, शब्दांचे अर्थ जिथे असतात तिथे. आवाज दुसरीकडे असतो, तो शेवटपर्यंत राहू शकेल. तो राहिला. तिला वर्तमानपत्र दिलं की ती पहिल्या पानापासून वाचायची, बर्फाचा अंदाज, बटाट्याचे भाव, मेलेल्यांची नावं, सगळं त्याच मऊ आवाजात. आणि पेपर खाली ठेवून खिडकीबाहेर बर्फ पडताना बघून विचारायची की हे पांढरं काय आहे. मी डॉक्टरांना विचारलं होतं, हे मुलांमध्ये उतरतं का? ते म्हणाले, नाही, ही गाठ उतरत नाही, मुलीची काळजी करू नका. हे मला पाठ आहे. मार्युतबाईंच्या वर्गातल्या त्या खुर्चीवर बसून मी हे मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. भीतीला डॉक्टर काय म्हणाले ते कळत नाही. भीतीला एवढंच कळत होतं की अगदी असाच आवाज मी आधी ऐकला आहे, आणि त्याही वेळी सगळे म्हणत होते की किती छान वाचते.

बसमध्ये केर्तू माझ्या मांडीला टेकून बसली आणि नेहमीप्रमाणे वाचू लागली. ती जे दिसेल ते वाचते. थांब्यांची नावं, आणीबाणीत काच कशी फोडावी, पाय सीटवर ठेवू नयेत. एरवी मला ते रेडिओसारखं असायचं. त्या दिवशी प्रत्येक शब्द माझ्या मानेवर पडत होता. मी म्हटलं, "आत्ता काय वाचलंस?"

"कधी?"

"आत्ता. काचेचं."

तिने काचेकडे पाहिलं आणि पुन्हा वाचून दाखवलं, न चुकता, त्याच वेगाने.

"म्हणजे काय करायचं?"

"बाबा, मी वाचलं ना आत्ता," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली. बाहेर अंधार पडला होता. आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, नोव्हेंबरात तीन वाजताच दिवस संपतो. काचेत तिचा चेहरा दिसत होता आणि मी त्या चेहऱ्याची डावी बाजू उजव्या बाजूशी ताडून बघत होतो.

इमारतीच्या जिन्यात सॉनाच्या पाळ्यांचा नवा कागद लावला होता. खालच्या मजल्यावरच्या सामायिक सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, आमची पाळी शुक्रवारी असते. केर्तूने सगळ्या बिऱ्हाडांची नावं आणि वेळा वाचल्या, आमचीसुद्धा. मी विचारलं, आपली पाळी कधी? ती म्हणाली, "शुक्रवारी. नेहमी शुक्रवारीच असते ना." म्हणजे तिने कागदावरून सांगितलं नाही, आठवणीने सांगितलं. की कागदावरूनच सांगितलं? हे ठरवायला काही मार्ग नव्हता. मी किल्ली हातात धरून जिन्यात उभा राहिलो. दिवा आपोआप विझला आणि केर्तू अंधारात म्हणाली, "बाबा, हात हलव, म्हणजे लागेल."

हेल्वीआजीला, म्हणजे सिर्पाच्या आईला, मी फोन केला. तिच्याशिवाय हे मी कोणाला सांगणार होतो? ती लांब सावो भागात एकटी राहते. आधी ती जोरात हसली.

"अरे, एवढंच ना? आमच्या लहानपणी चर्चचे पाळक गावात यायचे आणि कुणाच्या तरी घरात सगळ्यांना बसवून वाचायला लावायचे. मी तर बायबलातली अख्खी पानं म्हणायची. जो धडाधड वाचेल त्याला गोडाचा पाव. समजलं का असं एका माणसाने विचारलं नाही. समजणं देवाचं खातं."

"आजी, सिर्पाचंही असंच सुरू झालं होतं."

तिचं हसणं तिथेच तुटलं.

"तू तिला दवाखान्यात नेऊ नकोस," ती म्हणाली. "निदान मी येईपर्यंत तरी. तापानी, तू ऐकतोयस ना? पोरीला त्या मशीनमध्ये घालू नकोस. आणि तूही तिच्याकडे असं टक लावून बघू नकोस."

"मी कुठे बघतो?"

"मला काय ठाऊक नाही तू कसा बघतोस? सिर्पाच्या बाजूला बसून बघायचास तसा. जाणाऱ्या बसकडे बघावं तसा."

पण मी बघतच होतो. रविवारी सकाळी लापशी ढवळताना मी बघत होतो की ती चमचा कोणत्या हाताने धरते. ओटच्या पुड्यावरचं ती वाचत होती, पाणी किती, मीठ किती, किती वेळ उकळावं. वाचण्यात खंड नव्हता आणि तिची नजर पुढे पुढे सरकत होती, कुठे रेंगाळत नव्हती. मी तिला म्हटलं, जरा गंमत करूया, डोळे मीट आणि बोट नाकाला लाव. तिने लावलं. दुसऱ्या हाताचं लाव. तिने लावलं. आता एका पायावर उभी राहा. ती उभी राहिली, हात पसरून, डोळे मिटलेले, आणि तशीच उभी असताना म्हणाली, "आईला करायला लावायचे तसं?"

लापशी खाली लागली. मी भांडं उचललं, पाणी ओतलं, खिडकी उघडली. केर्तूने डोळे उघडले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. ती घाबरलेली नव्हती, म्हणजे मला तसं वाटलं. आईला तपासणारे खूप लोक तिने पाहिले होते, त्यांत मी एक वाढलो एवढंच. मला आठवलं की दवाखान्यात ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि आम्ही सगळे समजायचो की ती वाचतेय.

आणि मग मला कॉफीचा दिवस आठवला. खरं तर तो कधी विसरलो नव्हतो, पण आतापर्यंत तो माझ्या दृष्टीने एक बरा दिवस होता, त्या महिन्यातला एकुलता एक. सिर्पाला पुरल्यावर आम्ही चर्चच्या सभागृहात बसलो. सामन माशाचं सूप, मग कॉफी, मग केक. केकनंतर आलेले शोकसंदेश घरच्यांपैकी कोणी तरी उभं राहून मोठ्याने वाचतं, तशी रीत आहे. जाड कागदाची घडी, वर क्रॉस किंवा मावळता सूर्य, आत चार ओळी आणि नावं. ते मी वाचायचे होते. मी उभा राहिलो, पहिली घडी उघडली आणि तोंडातून काही निघेना. तेव्हा केर्तू उठली, माझ्या हातातून गठ्ठा घेतला आणि वाचू लागली. सगळे. कामावरच्यांचे, दवाखान्यातल्यांचे, नात्यातल्यांचे, इमारतीतल्यांचे. एकदाही अडखळली नाही. काळा फ्रॉक, सरळ पाठ. बायका रडत होत्या आणि हसत होत्या. एक म्हातारा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पोरगी लाख मोलाची आहे, किती स्वच्छ वाचते." मला सुटल्यासारखं झालं होतं. वाटलं होतं, ही निभावेल. आता लापशीचं भांडं घासताना मला वाटलं की ती त्या दिवशी तिथे नव्हतीच. तिथे तिचा नुसता आवाज होता. मग ती कुठे होती? आणि अजून तिथेच आहे का? गाठीपेक्षा मला ह्याची जास्त भीती वाटली. गाठीचं निदान चित्र तरी काढता येतं.

कुत्र्याचं मार्युतबाईंनीच सुचवलं. आमच्या भागातल्या वाचनालयात गुरुवारी दुपारी एक कुत्रा येतो आणि मुलं त्याला वाचून दाखवतात. अडखळणाऱ्या मुलांसाठी असतं ते, कुत्रा हसत नाही म्हणून. "केर्तू तर अडखळतच नाही," मी म्हटलं. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "एकदा नेऊन तर बघा."

कुत्र्याचं नाव नूत्ती. दाट काळ्या केसांचा, तोंडाशी पांढरा झालेला, गळ्यात हिरवा रुमाल. त्याची मालकीण ओर्वोक्की, सत्तरीची, लोकरी मोजे घालून त्याच्याशेजारी सतरंजीवर पाय पसरून बसली होती. मला तिने पुस्तकांच्या कपाटामागे बसायला सांगितलं. "बाप दिसला की मुलं बापाला वाचून दाखवतात," ती म्हणाली. मी कपाटामागे बसलो. तिथून केर्तू दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. मला तेच नको होतं.

तिने सुरुवात केली. एक मुलगी आजोबांबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाते, अशी काही तरी गोष्ट होती. मी पहिल्यांदाच मुद्दाम गोष्ट ऐकत होतो आणि मला ती पकडता येत नव्हती, इतक्या वेगाने शब्द जात होते. हा सिर्पाचा आवाज होता. वर्तमानपत्र वाचणारा.

"अगं ए," ओर्वोक्की म्हणाली, "जरा दमानं. हा म्हातारा झालाय. एक कान गेलाय त्याचा."

"कोणता?"

"डावा."

सतरंजी सरकल्याचा आवाज आला. केर्तू कुत्र्याच्या उजव्या बाजूला गेली असावी. पुन्हा सुरुवात झाली, थोडी सावकाश. मग पुन्हा वेग वाढला.

"तो झोपला बघ," ओर्वोक्की म्हणाली. "त्याला कळेना झालं की तो झोपतो. माझा नवराही तसाच होता."

केर्तू हसली. मग ती थांबली.

मी कपाटाची कड धरली. ती वाक्याच्या मध्ये थांबली होती, आणि घरात, शाळेत, बसमध्ये, कुठेही मी तिला वाक्याच्या मध्ये थांबलेलं ऐकलं नव्हतं. मी आतल्या आत मोजू लागलो, मग मोजायचं सोडलं. मला वाटलं, झालं. आता ती विचारेल, कोणती मुलगी?

"नूत्ती," केर्तू हळूच म्हणाली. "ऊठ. आजोबांनी काठीने बर्फ ठोकून तो पक्का आहे का बघायला हवं होतं. ते विसरलेत. तिला माहितीये पण ती सांगत नाहीये, कारण ते तिच्यावर ओरडतील. कळलं?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "याला कळलं."

"कशावरून?" ओर्वोक्कीने विचारलं.

"कान हलवला. चांगला कान."

परत येताना आम्ही पायीच आलो. बर्फावर घसरू नये म्हणून रस्त्यावर खडी टाकलेली होती आणि बुटांखाली ती वाजत होती. केर्तू पुढे होती. तिने एकही पाटी वाचली नाही. मी काहीही विचारणार नव्हतो. किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर ती आपणहून म्हणाली, "नूत्तीसमोर थांबलं तरी चालतं."

"मग? नाही तर कोणासमोर चालत नाही?"

"आईसमोर."

मी तिच्या बरोबरीने चालू लागलो.

"मी थांबले की ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, ही मुलगी कुणाची आहे? वाचत असलं की नाही म्हणायची. नुसती ऐकायची." ती खड्यांवरून पाय घासत चालत होती. "म्हणून थांबायचंच नाही. गोष्टीकडे लक्ष गेलं ना, की थांबायला होतं. म्हणून गोष्टीकडे बघायचंच नाही."

"रोज?"

"रोज काय, तू भांडी घासायचास तेव्हा."

मी भांडी घासायचो तेव्हा. पाणी चालू असायचं आणि पलीकडून आवाज यायचा. सिर्पा गोष्टी वाचेनाशी झाल्यावर केर्तू वाचायला लागली होती, आणि आवाज इतका सारखा होता की कधी कधी मला कोण वाचतंय ते कळत नसे. तो एकसारखा चालू असला की मी पुढची थाळी घ्यायचो.

मार्युतबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या की आता तिला थांबू द्या, कितीही वेळ लागू द्या, मिनिटातले शब्द कमी झाले तरी घाबरू नका. ते कमी झाले. केर्तू आता एखाद्या वाक्यावर अडते आणि छताकडे बघते. मार्युतबाईंना आनंद आहे. हेल्वीआजी म्हणते, "मी सांगितलं नव्हतं?" तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आणि मी अजून घाबरतो, पण आता भीती दुसऱ्या बाजूने येते. पूर्वी मला वाटायचं की तिच्यात काही पोचत नाही. आता एक एक गोष्ट पोचते आहे, उशिरा, आणि प्रत्येक थांबण्यानंतर ती काय विचारेल ते मला माहीत नसतं.

परवा सॉनाहून वर आल्यावर केस ओले असताना तिने विचारलं, "बाबा, कॉफीच्या दिवशी मी सगळ्यांना जे वाचून दाखवलं, त्यात काय होतं?"

मी तोंड उघडलं. मला सूप आठवलं, तिचा काळा फ्रॉक आठवला, तो म्हातारा आठवला. कोणी काय लिहिलं होतं त्यातला एक शब्दही आठवला नाही. मीही नुसता आवाज ऐकत होतो.

"मला नाही माहीत," मी म्हणालो.

"मग आपण वाचूया ना. हळू," ती म्हणाली. "एक तू, एक मी. आणि मी थांबले तर तू थांबायचं."

मी म्हटलं, रविवारी. रविवार आला. तिने खणातून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, लापशीच्या वाट्या बाजूला सारल्या, आणि सगळ्यात वरची मावळत्या सूर्याची घडी माझ्यासमोर सरकवली. पहिली पाळी माझी होती. मी ती उघडली. आत हेल्वीआजीचं अक्षर होतं. मी ती पुन्हा मिटली आणि म्हणालो, पुढच्या रविवारी.

गठ्ठा अजून टेबलावरच आहे. आम्ही त्याच्या बाजूला वाट्या मांडतो आणि जेवतो. त्यातला एकही संदेश आम्ही अजून वाचलेला नाही.